राखणदार कोण? – युवक-युवती मंडळांसाठी सृष्टिरक्षणाचा पाठ

वाचन : उत्पत्ती २:४-१५, उत्पत्ती ४:१-१०, स्तोत्र १२१



१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभेत सृष्टीसाठी प्रार्थना आणि कृती करण्याचा काळ म्हणून पाळला जातो. १ सप्टेंबर हा सृष्टिरक्षणाच्या प्रार्थनेचा दिवस कॅथलिक ख्रिस्तसभेसाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ठरवून दिला. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली या संताला पर्यावरणासाठी झटणाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. या पाच आठवड्यांत आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली किनारा साफ करतात, रोपे लावतात, पथनाट्ये करतात. हे सारे चांगले आहे. या उत्साहाला बायबलचा आधार कोणता आणि पाड्यावरच्या माणसाशी त्याचा संबंध काय, हे समजून घेण्यासाठी हा पाठ आहे.

पाठाची पद्धत आपल्या युवकांच्या ओळखीची आहे : पाहा, पारखा, कृती करा. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी ती तरुण कामगारांना शिकवली. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात तिला मान्यता दिली. मंडळाच्या दोन बैठकांत हा पाठ सावकाश घ्यावा.

१. पाहा

जव्हार-मोखाड्याच्या पठारावर वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारी संपता संपता तिथल्या अनेक पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन टेकडी उतरतात. याचे एक कारण जमिनीत आहे. उतार तीव्र आहेत, मातीच्या पातळ थराखाली काळा कातळ आहे आणि जंगल विरळ झाले आहे. पाणी थांबत नाही, वाहून जाते. भाताची कापणी-झोडणी आटोपली आणि दिवाळी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्टीची किंवा रेती-बांधकामाची वाट धरतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि शाळा तुटते.

दुसरे कारण नकाशावर पाहायला मिळते. मुंबईला पाणी पुरवणारी मोडकसागर, मध्य वैतरणा, तानसा आणि भातसा ही धरणे पालघर-ठाणे जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात आहेत. सूर्या नदीवरचे धामणी धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड भागातील शेतीला पाणी देण्यासाठी बांधले गेले. आज त्याच सूर्येचे पाणी वसई-विरारच्या नळांना येते. सूर्या प्रादेशिक योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरसाठी ठरलेले आहे. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण याच शहरांत राहतात. आपल्या घरातला नळ उघडला की पाड्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस आपल्या बादलीत येतो.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आहे.

कोणाला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. शहरालाही पाणी लागतेच. पण जे पाहिलेच नाही, त्यासाठी प्रार्थना तरी कशी करणार?

२. पारखा

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव भूमीच्या मातीतून मनुष्य घडवतो. मूळ हिब्रू भाषेत भूमीला ‘आदामा’ म्हणतात आणि मनुष्याला ‘आदाम’. नावातच नाते आहे. मग पंधराव्या वचनात देव त्याला बागेत ठेवतो आणि दोन कामे सोपवतो. पहिल्या कामासाठी आलेल्या ‘आवाद’ या शब्दाचा अर्थ मशागत करणे आणि सेवा करणे असा दुहेरी आहे. दुसरा शब्द ‘शामर’. त्याचा अर्थ राखणे.

‘राखणे’ हा शब्द आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पीक निसवले की माळ्यावर बसून रात्री जागवतात, त्याला तो राखण म्हणतो. राखणदार शेताचा मालक असेलच असे नाही. पण शेताचे नुकसान झाले तर जाब त्याला द्यावा लागतो.

आता चौथा अध्याय उघडा. काइनाने हाबेलाला मारले आहे. देव त्याला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? काइन उलट विचारतो की, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? इथे मूळ भाषेत तोच ‘शामर’ शब्द आहे. बागेसाठी जो शब्द, तोच भावासाठी. आणि पुढच्याच वचनात भावाचे रक्त भूमीतून देवाकडे आक्रोश करते. भावाची राखण सोडली की भूमीही शांत राहत नाही.

हाच शब्द स्तोत्र १२१ मध्ये पुन्हा पुन्हा येतो. तिथे राखणदार स्वतः परमेश्वर आहे, आणि तो झोपत नाही, डुलकी घेत नाही. म्हणजे राखण हे हलके काम नाही. ते देवाचे स्वतःचे काम आहे आणि त्यातला एक वाटा त्याने आपल्या हाती दिला आहे.

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २४ मे २०१५ या तारखेचे आहे. त्याचे सहा अध्याय आणि २४६ परिच्छेद आहेत. सगळे वाचणे जमले नाही तरी मंडळाने पाच परिच्छेद जरूर वाचावेत. ६७ मध्ये मशागत आणि राखण यांचा अर्थ आहे. ७० मध्ये काइन-हाबेलाची कथा आहे. ४९ मध्ये पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले आहे. ३० मध्ये पिण्याचे सुरक्षित पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क म्हटला आहे. आणि १४६ मध्ये आदिवासी समाजांविषयी लिहिले आहे. त्यांच्या भूमीवर परिणाम करणारे मोठे प्रकल्प येतात तेव्हा चर्चेत प्रमुख स्थान त्यांचे असले पाहिजे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. कारण भूमी त्यांच्यासाठी विकण्याची वस्तू नाही. ती देवाचे आणि पूर्वजांचे देणे आहे.

हे आपल्याला परके नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना महाराष्ट्र साहित्यिक म्हणून ओळखतो. २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याआधी कितीतरी वर्षे त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे नेतृत्व केले. वसईची बागायत, हिरवळ आणि विहिरींचे पाणी राखण्यासाठी त्या काळी सर्व धर्मांची माणसे रस्त्यावर उतरली. आज त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले मंडळात आहेत. वसईच्या विहिरीसाठी जे बळ एकवटले, ते जव्हारच्या विहिरीसाठीही एकवटू शकते.

३. कृती करा

इथे एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी जून अखेरीस एका किनारपट्टीच्या धर्मग्रामातले युवक-युवती मंडळ मी काम करते त्या भागातल्या एका पाड्यावर आले. दोनशे रोपे, बॅनर, टोप्या सगळे बरोबर होते. रोपांत गुलमोहर जास्त होता. खड्डे खणायला सुरुवात झाली तशी एक आजी काठी टेकत आली आणि शांतपणे तीन प्रश्न विचारले. हे झाड खायला काय देते? उन्हाळ्यात आम्हालाच पाणी नसते, याला कोण घालणार? आणि या तुकड्यावर आमची गुरे चरतात, ती कुठे न्यायची?

मुले गोंधळली. पण मंडळाची प्रमुख मुलगी शहाणी होती. तिने खणणे थांबवले, सगळ्यांना आजीभोवती बसवले आणि म्हणाली, “आजी, मग तुम्हीच सांगा, काय करू?” तो दिवस खड्ड्यांऐवजी बोलण्यात गेला. पाड्यावरची माणसे म्हणाली की, वरच्या बाजूला तुटलेल्या झाडांची जिवंत खोडे आहेत, त्यांना दर पावसाळ्यात फुटवे येतात. ते दोन-तीन वर्षे गुरांपासून आणि वणव्यापासून राखले तर जंगल आपोआप उठते. आणि पावसानंतर नाल्यावर बंधारा घालायला हात हवेत.

नोव्हेंबरमध्ये ती मुले बॅनर न आणता परत आली. पाड्यावरच्या लोकांबरोबर दोन दिवस श्रमदान केले आणि नाल्यावर वनराई बंधारा बांधला. त्या वर्षी नाल्यात पाणी नेहमीपेक्षा काही आठवडे जास्त टिकले. काठच्या चार घरांनी वाल आणि भाजी केली. त्यातले एक जोडपे त्या हंगामात भट्टीवर गेले नाही. पण एप्रिलमध्ये विहीर पुन्हा आटली, हेही सांगितले पाहिजे. गोणीच्या बंधाऱ्याने सगळी तहान भागत नाही. म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुलांनी ग्रामसभेच्या नळयोजनेच्या अर्जासाठी घरांची यादी आणि नकाशा तयार करायला मदत केली. एकेकट्याच्या चांगुलपणाची बेरीज पुरत नाही, समाजाने एकत्र यावे लागते, हे ‘लाउदातो सी’च्या २१९व्या परिच्छेदात सांगितले आहे. त्या मुलांनी ते करून पाहिले.

यावरून मंडळांसाठी काही सूचना :

*आधी विचारा.* पाड्यावर काम करायचे तर ग्रामसभेत जाऊन बोला. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. एखाद्याच्या कसणुकीच्या किंवा दाव्यातल्या जमिनीवर आपण प्रेमाने लावलेले रोपही त्याच्या पोटावर येऊ शकते.

*लावण्यापेक्षा राखा.* रोपे हवीच असतील तर मोह, आंबा, चिंच, फणस, शेवगा अशी लोकांना हवी ती लावा. जितकी तीन उन्हाळे जगवता येतील, तितकीच लावा. दोनशेपेक्षा वीस चालतील.

*बंधारा वेळेत घाला.* पाऊस संपल्यावर, नाला वाहता असतानाच, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या रेती-मातीने भरून, तोंड शिवून, विटांसारख्या सांधे मोडत रचाव्या. जागा पाड्यावरच्या जाणत्या माणसाने दाखवावी. मे महिन्यात गोण्या काढून घ्यायला परत जा, नाहीतर पहिल्या पुरात तेच प्लास्टिक ओढ्यात जाईल.

*आपल्या छपराचे पाणी आपण जिरवा.* १०० चौरस मीटर छपरावर २,००० मिलिमीटर पाऊस पडला तर २ लाख लिटर पाणी होते. गळती आणि बाष्पीभवन सोडले तरी दीड लाख लिटर हाती राहते. चर्चचे, शाळेचे, हॉलचे छप्पर मोजा आणि ते पाणी गाळून विहिरीत सोडायची सोय करा. आपली विहीर भरली की सूर्येवरचा आपला भार तेवढा हलका होतो.

*सणाचा कचरा टाळा.* धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणाला थर्मोकोलऐवजी पानांच्या पत्रावळी घ्या. पाड्यावरच्या बायका त्या लावत असतील तर त्यांच्याकडूनच, रास्त दराने.

*एकच पाडा, तीन वर्षे.* दरवर्षी नवी जागा शोधू नका. एका पाड्याशी नाते जोडा, पावसाळ्यात जा आणि एप्रिलमध्येही जा. एप्रिलची भेट चुकवू नका.

आमच्या कामाला हात देणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुले पाड्यावर जायला निघाली की प्रवासखर्चाची, गोण्यांची, अवजारांची सोय तुम्ही करता, त्याबद्दल आभार. यंदा एकदा स्वतःही त्यांच्याबरोबर या. पाणी भरायच्या वाटेवर एक खेप चालून पाहा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीचे, कोणत्या धरणाचे? त्या धरणाजवळ कोण राहते?

२. बागेची राखण आणि भावाची राखण यांसाठी बायबलमध्ये एकच शब्द का वापरला असेल?

३. गेल्या तीन वर्षांत मंडळाने लावलेल्या झाडांपैकी आज किती जिवंत आहेत? दोघांनी जाऊन मोजून यावे.

४. पाड्यावरच्या माणसाकडून आपण काय शिकू शकतो, याची यादी करा. काय देऊ शकतो, ती यादी नंतर.

प्रार्थना

हे प्रभू परमेश्वरा, तू आमचा न झोपणारा राखणदार आहेस. डोंगरावरचा पाऊस, विहिरीचे पाणी, मोहाचे झाड आणि आमचा भाऊ, ही सारी तुझी ठेव तू आमच्या हाती दिली आहेस. आमचा भाऊ कुठे आहे असे तू विचारशील, तेव्हा त्याचे नाव, त्याचा पाडा आणि त्याची तहान आम्हाला ठाऊक असू दे. आमच्या युवकांच्या हातांना बळ दे आणि पायांना परत त्याच वाटेवर जाण्याची चिकाटी दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.