एचआयव्ही असलेल्या मुलांनी जोडीदाराला कसे सांगावे?

जन्मापासून एचआयव्ही असलेली आपल्या वस्त्यांमधली मुले गोळ्यांच्या आधारे वाढली, सतरा-अठरा वर्षांची झाली. त्यांचेही कुणाशी प्रेम जमते. मग त्या माणसाला सांगायचे कसे?

एआरटी केंद्रातील समुपदेशक यात मदत करतात. मुलाने स्वतः सांगावे, समुपदेशकासमोर दोघांनी बसावे, किंवा मुलाचे नाव न घेता जोडीदाराला तपासणीला बोलवावे. (प्रेम एकाशीच असेल तर नाव न घेताही कळतेच, हे मुलांना आधी सांगा.) आम्हाला समुपदेशकासमोर बसणे बरे वाटते. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे जोडीदाराला जाणत्या माणसाकडून ऐकायला मिळते. शंका तिथेच फिटते, तपासणीही मोफत होते.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करता येत नाही. जोडीदाराला मोठा धोका असेल आणि समजावूनही ती व्यक्ती सांगत नसेल, तरच डॉक्टर किंवा समुपदेशक तिला आधी कळवून जोडीदाराला सांगू शकतात. मुलीला मारहाणीची, टाकून देण्याची भीती असेल तर तेही नाही. शेजारीण, मावशी, महिला मंडळ यांना तर मुळीच अधिकार नाही.

अठराच्या आत शरीरसंबंध आल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावे लागते. या धाकानेच पुष्कळ मुले गप्प बसतात. आईबाबांनो, घरात आरडाओरड करण्याआधी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. नाव सांगावे लागत नाही.