डार्टमूरवर डबी शोधायला जाण्यापूर्वी

इंग्लंडच्या डेव्हनमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी प्लिमथ-एक्सेटरकडे स्थिरावलेल्या कुटुंबांच्या अनुभवांतून हे टिपण केले आहे. जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधारे लपवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबी होती तिथेच ठेवायची. हा खेळ मे २००० मध्ये अमेरिकेत सुरू झाला. डेव्हनमधल्या डार्टमूर या उजाड माळरानाला (मूरला) मात्र अशा शोधाची सवय जुनी आहे. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणारे लोक तीत आपले कार्ड टाकत. त्यातूनच इथला ‘लेटरबॉक्सिंग’चा छंद वाढला.

सपाटीला फसू नका

राजगड, हरिश्चंद्रगड केलेल्यांना डार्टमूर किरकोळ वाटते. सर्वांत उंच हाय विल्हेज अवघे ६२१ मीटर. ना कडा, ना दरी. पण गडाच्या पायथ्याला वाडी असते, वाट सांगायला गुराखी भेटतो. मूरच्या उत्तर भागात मैलोन्‌मैल घर नाही, झाड नाही, बऱ्याच ठिकाणी पायवाटही नाही. धुके उतरले की सगळे टॉर, म्हणजे माथ्यावरचे खडक, सारखेच दिसतात. सह्याद्रीतल्या पावसात भिजायला मजा येते. इथल्या गार वाऱ्यात भिजलेले अंग झपाट्याने थंड पडते. थरथर, जड झालेली जीभ, अडखळणारे पाय दिसले की त्या माणसाला आडोसा, कोरडे कपडे आणि गरम पेय द्या. जीन्स घालून जाऊ नका. ती भिजली की लवकर वाळत नाही.

बाण सरळ, वाट वाकडी

फोनवरचा बाण नाकासमोर दिशा दाखवतो. मधली दलदल, ओढा त्याला दिसत नाही. हिरवेगार, मऊ, सपाट शेवाळ दिसले की वळसा घाला. फॉक्स टॉर मायर्ससारख्या दलदलीपासून तर लांबच राहा. पावसाने फुगलेला ओढा ओलांडू नका. गवताच्या गड्ड्यांतून चाल निम्म्यावर येते, हे धरून वेळ ठरवा. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २८ हा कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत हवेच, कारण थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते. डबीच्या नोंदीतला ‘टेरेन’चा आकडा १ ते ५ असतो; सुरुवात १-२ पासून करा. भारतातून आई-बाबा आले असतील तर वाहनतळाजवळचे हेटॉर बरे.

लाल निशाण म्हणजे माघार

उत्तर मूरवर ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी या लष्करी गोळीबाराच्या हद्दी आहेत. लाल-पांढऱ्या खांबांनी त्या आखल्या आहेत. गोळीबार असेल तेव्हा दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवा असतो. वेळापत्रक आधी जाहीर होते. घरूनच पाहून निघा. धातूची अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.

डबीपाशी

दगडी कुंपणाचा एकही दगड हलवू नका. कपारीत हात घालण्याआधी काठीने चाचपा. ऊन पडले की ॲडर हा विषारी साप बाहेर येतो. घरी आल्यावर सर्वांच्या अंगावर गोचीड तपासा, तिच्यापासून लाइम रोग होतो. डबीतली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा. खाऊ मात्र नको; वासाने जनावरे डबी फोडतात. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा पट्ट्यातच ठेवा, तेव्हा जमिनीवर पक्ष्यांची घरटी असतात.

अडकलात तर

९९९ वर फोन करून आधी पोलिस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागा. रेंज कमी असते, म्हणून ९९९ ला ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द एसएमएसने पाठवून घरीच नोंदणी करून ठेवा. मग संकटात संदेशही चालतो. शिटी मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा.

निघताना कुठे चाललो आणि किती वाजता परतणार, हे कुणाला तरी सांगून जा. परतल्यावर त्यांना कळवायलाही विसरू नका. नाहीतर तुम्ही घरी चहा पीत असाल आणि बचाव पथकातले स्वयंसेवक तुमच्यासाठी अंधारात मूर पालथे घालत असतील.