कमी विजेचे, शांत संगणक : एक तुलनात्मक अभ्यास

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या प्रोसेसरवर लेख लिहावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. वस्तुतः हा विषय विज्ञानवाल्यांचा. पण मी तो निवडला नाही, तो अंगावर आला. कामरगावात आम्ही सहा मित्रांनी वर्गणी काढून एका रिकाम्या खोलीत अभ्यासाची सोय केली आहे. तेथे एक जुना टॉवर संगणक आहे. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. दुपारपासून वीज नव्हती. संध्याकाळी एक मित्र अर्ज भरीत असतानाच इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, अर्ज अर्धाच राहिला आणि त्याची त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. बॅटरी इतक्या लवकर कशी उतरली, याचा शोध घेता घेता मी प्रोसेसरपर्यंत येऊन पोहोचलो.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील हिशेबनीस. आकडेमोड असो की मराठी टंकलेखन, सगळे त्याच्या हातून जाते. तो जी वीज खातो तिची शेवटी उष्णता होते. ती उष्णता बाहेर घालवण्यासाठी पंखा लागतो. आणि पंखा म्हटला की आवाज आला. म्हणजे कमी वीज, लहान पेटी आणि शांतता या तीन वेगळ्या मागण्या नाहीत. एकीचा हिशेब लागला की बाकीच्या दोन बऱ्याच अंशी मागोमाग येतात.

प्रोसेसरच्या माहितीपत्रकात वॅटचा एक आकडा असतो. आमच्या टॉवरमधील २००८ सालच्या पेंटियम ई५२०० या प्रोसेसरचा आकडा ६५ आहे. मी आधी समजलो की तो तेवढी वीज खातो. हा समज चुकीचा. किती उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी, हे पेटी बनवणाऱ्याला कळावे म्हणून तो आकडा दिलेला असतो; घरच्या मीटरशी त्याचा संबंध दुरून आहे. याचे गमतीचे उदाहरण २००८ सालच्याच इंटेल ॲटम २३० या प्रोसेसरचे. त्याचा आकडा अवघा ४ वॅट. पण इंटेलच्याच ज्या मदरबोर्डवर तो येत असे, त्यावरील ९४५जीसी हा मदतनीस चिपसेट २२ वॅटपर्यंत जाई! त्या बोर्डावर मुख्य प्रोसेसरला नुसता धातूचा थंडावक होता, आणि पंखा बसवला होता तो मदतनिसाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच. तेव्हा तुलना करायची तर एकट्या प्रोसेसरची नव्हे, संपूर्ण यंत्राची केली पाहिजे.

आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री शिकणाऱ्या मित्राकडून मी प्लगमध्ये बसणारे वॅटमीटर मागून आणले आणि तीन यंत्रे मोजली. पहिले आमचा टॉवर. दुसरे मामेभावाच्या कारंज्याच्या कचेरीतील, जाड वहीएवढे जुने छोटे यंत्र. त्यात २०१५ सालचा इंटेल आय५-६५००टी, आकडा ३५ वॅट. तिसरे एका मित्राच्या थोरल्या भावाने पुण्याहून आणलेली बिनपंख्याची पेटी. तिच्यात २०२३ साली आलेला इंटेल एन१००, आकडा ६ वॅट. स्क्रीन वगळून, नुसते चालू ठेवले असता टॉवर ५५ वॅट घेत होता, कचेरीतील यंत्र १२ आणि पेटी ८. पूर्ण ताण दिल्यावर हेच आकडे अनुक्रमे ९०, ४४ आणि २२ झाले.

या आकड्यांत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. सहा वॅटचा म्हणवणारा एन१०० ताणाखाली पेटीला बावीस वॅट खायला लावतो, कारण पेटी बनवणारे त्याला सहाच्या वर जाण्याची मुभा देतात, शिवाय बाकीच्या भागांनाही वीज लागतेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ६५००टी आणि एन१०० यांच्या छापील आकड्यांत जवळजवळ सहापट अंतर आहे, पण नुसते बसून राहण्याच्या खर्चात फक्त चार वॅटचे! आणि आपण विद्यार्थी संगणकापुढे बहुतेक वेळ काय करतो? वाचतो, एखादी ओळ टंकतो, पुन्हा वाचतो. तेवढा वेळ प्रोसेसर डुलकीच घेत असतो.

६५००टीमधील ‘टी’ म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. त्याच मालिकेत ६५ वॅटचा साधा आय५-६५०० आहे. टी हा त्याचाच लगाम लावलेला भाऊ. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग थोडा उतरवला की दाबही उतरवता येतो. समजा दोन्ही पाचव्या हिश्श्याने कमी केले, तर ०.८ ला ०.८ ने तीनदा गुणून सुमारे ०.५१ उरतात, म्हणजे वेग पाचव्या हिश्श्याने गेला आणि वीज निम्मी वाचली. गणिताशी माझे फारसे सख्य नाही, पण हा गुणाकार मला आवडला.

लहान प्रोसेसर म्हणजे दुबळा, असे आमच्यातील एक मित्र हट्टाने म्हणत असे. त्याला मी डॉ. विजय भटकर यांचे उदाहरण दिले. भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंब्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा आपला वाशिमही अकोला जिल्ह्यातच होता. त्या महासंगणकात एक अवाढव्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्यात काम वाटून दिले होते. एन१००मध्येही चार लहान गाभेच आहेत, आणि रोजच्या कामात तो ६५००टीच्या बरोबरीने चालतो. आठ वर्षांत ३५ वॅटच्या वर्गातले काम ६ वॅटच्या वर्गात येऊन बसले. मित्राने ‘बरं’ एवढेच म्हटले.

आता बॅटरीकडे वळू. आमची बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची. गुणाकार १८०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ९००. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो असे धरले तर हाती ७२० उरतात. खोलीतील पंखा ७५ वॅट, दोन दिवे २०, जुना स्क्रीन २५. टॉवर सरासरी ६५ धरला तर बेरीज १८५, म्हणजे बॅटरी चार तासांच्या थोडी आतच संपते. टॉवरच्या जागी १० वॅटची पेटी ठेवली तर बेरीज १३० आणि वेळ साडेपाच तास. या दीड तासात तो अर्ज दोनदा भरून झाला असता. आणि पेटी आल्यावर संगणकापेक्षा स्क्रीनच जास्त वीज खाईल, हेही या हिशेबातच कळले.

येथवर एन१०० जिंकला असे वाटेल. पण परदेशी परीक्षणे वीस अंशांच्या खोलीत लिहिलेली असतात आणि आपला उन्हाळा वऱ्हाडातला आहे. बिनपंख्याची पेटी आपली उष्णता भोवतालच्या हवेला देते. ती किती देता येईल हे दोहोंच्या तापमानांतील फरकावर ठरते. एन१००ची सहनशक्ती १०५ अंशांची. वीस अंशांच्या खोलीत ८५ अंशांचा फरक मिळतो. एप्रिलच्या दुपारी आमच्या खोलीत ४१ अंश होते, म्हणजे उरले ६४, सुमारे तीन-चतुर्थांश. मी पेटीला पूर्ण ताणावर ठेवले, तेव्हा अर्ध्या तासाने तिने स्वतःच वेग उतरवला. बंद पडली नाही, पण मंदावली. कचेरीतील यंत्र मात्र पंख्याच्या जोरावर वेग टिकवून होते. फक्त त्याच्या इवल्या पंख्याची शिट्टी शेजारी वाचत बसलेल्याला सहन होईना. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त फिरावे लागते, म्हणून त्याचा स्वर बारीक आणि टोचणारा असतो. शिवाय पंखा हवेबरोबर धूळही ओढतो. कापूस आणि तुरीच्या हंगामात आपल्या गावी ती किती असते, ते सांगायला नको.

आणखी एक अडचण. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ६५००टी हा विंडोज ११च्या यादीत नाही. लिनक्सवर तो उत्तम चालतो, मराठी टंकलेखनासह. पण खोलीतील सहांपैकी चौघांना विंडोजच हवे आहे. रास्पबेरी पाय या इवल्या संगणकाचाही मी विचार केला. वीज कमी, आवाज नाही, पण हा प्रश्न तेथेही आडवा येतो.

माझे मत बिनपंख्याच्या एन१०० पेटीकडे झुकते. एप्रिल-मे महिन्यांत जड काम सूर्यास्तानंतर करायचे आणि पेटी खिडकीपाशी उभी ठेवायची, एवढी तडजोड मला चालेल. वर्गणी अजून पुरी झालेली नाही. तोवर टॉवरच चालू आहे, आणि दर पंधरा दिवसांनी त्याच्या पंख्यात अडकलेले कापसाचे तंतू काढण्याचे काम माझ्याकडे आहे.