अठरा पूर्ण व्हायच्या आधी

पोरी, तू बालगृहात रुजू झालीस म्हणून हे सांगते. अठरावं संपलं की पेटी भरून मुलाला निरोप द्यायचा, ही सवय लावून घेऊ नकोस. कायदाही तसं म्हणत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातल्या कलम ४६ नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढे आर्थिक मदत देता येते. ही अनुरक्षणाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत असते, अगदीच गरज असेल तर तेविसाव्यापर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरलेले आहेत. पण पैसे आपोआप चालत येत नाहीत. मुलगा सतरा वर्षांचा असतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षात विषय काढ. वाढदिवस उलटला की अर्ज मागे पडतो आणि मुलगाही हाती लागत नाही.

कागदांना मात्र सोळाव्या वर्षीच हात घाल. शाळेचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक समोरासमोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघ. आधारला मोबाइल कोणाचा जोडलाय तेही बघ. बहुतेकदा तो संस्थेतल्याच कोणाचा तरी असतो. पोरगा नागपूरला फॉर्म भरायला बसतो आणि ओटीपी येतो इथे, गोंदियात, ड्युटी संपवून झोपलेल्या माणसाच्या फोनवर. त्याच्या हातात स्वतःचा नंबर आला की पहिलं काम तो आधारला जोडण्याचं.

ज्याचे आईवडील दोघंही नाहीत, त्याचं अनाथ प्रमाणपत्र तो संस्थेत असतानाच काढून घे. नोकरी आणि शिक्षणातलं एक टक्का आरक्षण त्यावरच मिळतं. हे आरक्षण २०१८ मध्ये आलं ते अमृता करवंदे या मुलीमुळे. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली, अठराव्या वर्षी बाहेर पडलेली पोर; स्पर्धा परीक्षेत मार्क मिळवूनही खुल्या गटात अडली आणि थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. तिची गोष्ट मुलांना जरूर सांग. पण ज्याची आई किंवा बाप हयात आहे, त्याला या प्रमाणपत्राची आशा लावू नकोस. त्याचा जातीचा दाखला बघ. देवरी-सालेकसाकडच्या आदिवासी मुलाला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आणि तो गावात कोणा काकाच्या पेटीत पडलेला असतो. काका आहे तोवर जाऊन ये.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगते. अठरा लागले की स्थळ बघायची घाई सुरू होते, त्यात चांगली माणसंही असतात. जबाबदारी सुटली असं त्यांना वाटतं. तू आड ये. आधी तिचं शिक्षण, तिच्या नावाचं खातं, तिची कमाई. लग्न तिला हवं तेव्हा आणि हवं त्याच्याशी.

घर चालवणं संस्थेत शिकायला मिळत नाही. घंटा वाजते, ताट येतं. धानाच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला किलोभर तांदूळ किती दिवस पुरतो ते माहीत नसतं, हे बघून जीव तुटतो. त्याला बाजारात ने, पैसे त्याच्या हातात दे, महिन्याचा किराणा त्यालाच आणू दे. तो भाड्याची खोली बघायला जाईल तेव्हा मात्र तू सोबत जा. मागे कोणी आहे हे घरमालकिणीला दिसू दे.

कोविडने ज्यांचे दोन्ही पालक नेले, ती मुलं आता एकेक करून मोठी होताहेत. त्यांना पीएम केअर्स योजनेतले १० लाख तेविसाव्या वर्षी हाती येतात. तेव्हा इतकी वर्षं न फिरकलेले नातेवाईक येतील. मुलाला भेटायला मनाई करू नकोस, आपलं माणूस त्यालाही हवंच असतं. फक्त कोणाच्याही कर्जाला जामीन राहायचं नाही आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे आधीपासून त्याच्या कानावर घालत राहा.

आणि सणांचं. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पोरं पुण्याला कामाला जातात, कोणी नागपूरला होस्टेलवर राहतात. दिवाळीत होस्टेल रिकामं होतं, मेस बंद होते. आपल्या झाडीपट्टीत तर भाऊबीज झाली की गावोगाव मंडई. लेकी-जावई येतात, दंडार रंगते, जो तो विचारतो, कोणत्या गावाला जाणार? या प्रश्नाला त्या पोराकडे उत्तर नसतं. म्हणून दसऱ्यालाच फोन कर आणि नीट निमंत्रण दे, तारीख सांगून. ‘कधीही ये’ म्हटलं तर तो येत नाही.

काही मुलांना बाहेर सोडताच येत नाही, हेही लक्षात असू दे. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं आणि अठराव्या वर्षानंतरही त्यांना तिथेच राहू द्यावं म्हणून ते सरकारशी भांडत राहिले. त्यांचीच माला, डोळ्यांनी न दिसणारी, २०२४ मध्ये एमपीएससी पास झाली. वेळ मिळाला म्हणून झाली.

तुझी नोकरी कंत्राटी आहे, कधी बदलेल सांगता येत नाही. म्हणून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, नंबर, कामाचं ठिकाण आणि कुठला कागद अडलाय ते एका वहीत लिहून ठेव. जाताना ती वही नव्या बाईंना समजावून दे, आणि मुलांना एकेकाला फोन करून नव्या बाईंशी बोलणं करून दे.