एडीएचडीच्या गोळीची सवय लागते का?



"सर, गोळी चालू केली तर पोराला नशा लागेल का?" पालकसभेत हा प्रश्न आला, तर 'नाही' म्हणून विषय संपवू नका. प्रश्न रास्त आहे.

गोळी कोणती?
अतिचंचलता आणि लक्ष न टिकणे यासाठी बहुधा मेथिलफेनिडेट देतात. ते मेंदूतील डोपामिन वाढवते, त्यामुळे लक्ष टिकते. औषध उत्तेजक आहे, म्हणून ते एनडीपीएस कायदा १९८५ च्या कक्षेत आणि औषध नियमांच्या 'अनुसूची एक्स'मध्ये येते. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो.

धोका कधी?
डॉक्टरांनी ठरवलेली गोळी तोंडाने घेतली, तर औषध हळूहळू चढते, झिंग येत नाही. लहानपणी नीट उपचार झालेल्या मुलांत पुढे व्यसन वाढल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. धोका असतो तो जास्त गोळ्या घेण्यात, पूड करून ओढण्यात आणि परीक्षेसाठी मित्राची गोळी मागून खाण्यात. म्हणजे गोळी कोणाच्या हातात आहे, हे महत्त्वाचे.

आपण काय करायचे?
• शिक्षकाने निदान करू नये. आधी डोळे, कान, झोप, भूक पाहा. मूल घरी आणि वर्गात, दोन्हीकडे असेच वागते का, ते लिहून ठेवा.
• ही नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच सुरू झाला. त्याच्या तपासणी यादीत एडीएचडीही आहे.
• शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांत मुले वसतिगृहात राहतात. तिथे गोळ्या मुलाच्या पेटीत नकोत. अधीक्षकांकडे कुलपात ठेवा, मोजून द्या, समोर गिळायला लावा, वहीत लिहा.
• कुटुंब वीटभट्टीवर जाणार असेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका.
• भूक मंदावली, झोप उडाली, वजन घटले, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

आणि हेही सांगा : उपचार न मिळालेल्या एडीएचडीतही पुढे व्यसनाचा धोका जास्त असतो. घाबरून उपचार टाळणे हा सुरक्षित मार्ग नव्हे. शंका असल्यास टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलता येते. वर्गाच्या भिंतीवर तो लिहून ठेवा.