सर्व्हरची ओळख आणि फायलींची ने-आण

पोस्टकार्डावरील मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो, म्हणून गोपनीय बाब कोणी पोस्टकार्डावर लिहीत नाही. संगणकांच्या जाळ्यावरून फायली पाठविण्याची रीत मात्र दीर्घकाळ पोस्टकार्डासारखीच होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणारे अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये फायलींच्या ने-आणीचे नियम प्रथम लिहून काढले. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होत. त्यांची ही रीत पुढे 'एफटीपी' या नावाने सर्वत्र रूढ झाली. तीत वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द ही दोन्ही उघड्या अक्षरांत जात. जाळ्यावर मोजके संशोधकच असताना यात फारसा धोका नव्हता. जाळे वाढले तसा तो वाढला.

१९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी हेरगिरी करून परवलीचे शब्द टिपले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून 'एसएसएच' ही आज्ञाप्रणाली रचली. एफटीपीला २१ आणि 'टेलनेट' या जुन्या रीतीला २३ हा क्रमांक होता. या दोहोंची जागा घेऊ पाहणाऱ्या एसएसएचला मधला २२ क्रमांक मिळाला, तो आजही कायम आहे. १९९९ मध्ये निघालेली 'ओपनएसएसएच' ही विनामूल्य आवृत्ती आज लिनक्ससह बहुतेक प्रणालींवर आढळते. विंडोज १० मध्येही २०१८ पासून तिचा समावेश झाला.

एसएसएच सर्व मजकूर सांकेतिक रूपात पाठवते, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु पाकीट कितीही घट्ट चिकटवले, तरी ते भलत्याच्याच हाती पडले तर काय उपयोग? म्हणून सर्व्हरने आपली ओळख आधी पटवावी, अशी यात योजना आहे. प्रथम संपर्क होताच पडद्यावर त्या सर्व्हरच्या किल्लीचा 'ठसा', म्हणजे अक्षरांची व अंकांची एक लांबलचक ओळ, दिसतो व पुढे जावे काय असे विचारले जाते. येथे न वाचताच होकार देण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि तीच घातक आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून तो ठसा दूरध्वनीवर किंवा लेखी आधीच मागवून घ्यावा. नव्या आवृत्त्यांत होकाराऐवजी तो ठसाच टंकित करता येतो, मग तुलना यंत्र स्वतः करते.

एकदा मान्य केलेला ठसा संगणक जपून ठेवतो. पुढे तो बदललेला आढळल्यास मोठ्या अक्षरांत इशारा येतो व संपर्क नाकारला जातो. सर्व्हरची प्रणाली नव्याने बसविली असेल तर असे घडणे स्वाभाविक आहे. पण मध्येच कोणी तोतया सर्व्हर उभा केला असेल, तरीही नेमके हेच घडते. तेव्हा चौकशी न करता जुनी नोंद पुसून काम पुढे रेटणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घरी पाठविणे होय.

आता वापरकर्त्याची ओळख. परवलीचा शब्द वापरल्यास तो सर्व्हरच्या हाती द्यावाच लागतो. तोतया सर्व्हर असेल तर तो शब्द त्याचा झाला. याहून श्रेयस्कर रीत किल्ल्यांच्या जोडीची. 'एसएसएच-कीजेन' या आज्ञेने एक खाजगी व एक सार्वजनिक अशा दोन किल्ल्या तयार होतात. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नोंदवावी. ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. प्रवेशाच्या वेळी वापरकर्त्याचा संगणक त्या भेटीपुरत्या मजकुरावर खाजगी किल्लीने स्वाक्षरी करतो व सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. खाजगी किल्ली आपल्या संगणकाबाहेर जातच नाही. मात्र तिला स्वतंत्र परवलीचे वाक्य लावावे. अन्यथा संगणक चोरीस गेला की प्रवेशही गेला. एकच किल्ली साऱ्या कचेरीने वापरणेही टाळावे, कारण मग काम कोणी केले हे नोंदींवरून कळत नाही.

एवढी सिद्धता झाल्यावर प्रत्यक्ष ने-आण अगदी सोपी आहे. 'एससीपी' हा शब्द, मग फाईलीचे नाव, त्यानंतर वापरकर्त्याचे नाव, @ हे चिन्ह, सर्व्हरचे नाव, अपूर्णविराम आणि तेथील जागा, इतकेच टंकित करावयाचे. अपूर्णविराम विसरल्यास फाईल कोठेही जात नाही. आपल्याच संगणकावर भलत्या नावाची एक प्रत तयार होते! फाईलीची मूळ तारीख राखण्यासाठी उणे चिन्ह व लहान 'पी' जोडावा. मोठा 'पी' हा क्रमांक २२ खेरीज दुसरे दार सांगण्यासाठी आहे; गंमत अशी की, एसएसएच या आज्ञेत त्याच कामासाठी लहान 'पी' लागतो.

एससीपीबाबत एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. पलीकडे त्याच नावाची फाईल असल्यास ती न विचारता पुसली जाऊन नवी तिच्या जागी बसते. मतदारयादी, निकालपत्रक किंवा हिशेब पाठविताना नावात दिनांक घालावा. मोठी फाईल अर्ध्यावर तुटली तर 'एसएफटीपी'ची 'रीगेट' ही आज्ञा सर्व्हरवरून आणावयाचा उरलेला भाग तेवढाच आणते; 'रीपुट' पाठवावयाचा उरलेला भाग पाठवते. शेवटी लिनक्सवर 'शा२५६सम' ही आज्ञा दोन्ही टोकांना चालवून येणारी ओळ जुळते का ते पाहावे. जुळली नाही, तर मूळ फाईल पुसण्याची घाई करू नये.