बायोगॅस संयंत्रात विद्युतवाहक कोळसा

प्रश्न : ओल्या कचऱ्याच्या बायोगॅस संयंत्रात बायोचार मिसळल्याने लाभ होतो का?

उत्तर : होऊ शकतो. प्राणवायूविरहित पचनात काही जिवाणू मेदाम्लांचे विघटन करतात आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या रूपाने मिथेनजनक सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचतात. मात्र हायड्रोजन साचला की विघटन मंदावते, आम्ले साठतात आणि वायुनिर्मिती खुंटते. बायोचार (हवेच्या अभावी भाजलेल्या जैवभाराचा कोळसा) किंवा मॅग्नेटाइट (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) हे पदार्थ हे जिवाणू आणि मिथेनजनक यांच्यामध्ये तारेसारखे काम करून इलेक्ट्रॉन थेट पोहोचवू शकतात. पेशींमधील थेट इलेक्ट्रॉन-हस्तांतरण २०१० मध्ये जिओबॅक्टर या जिवाणूच्या दोन जातींच्या एकत्रित संवर्धनात दाखवले गेले. या पदार्थांमुळे पचनाला वेग येऊ शकतो, परंतु कचऱ्याची मूळ मिथेनक्षमता वाढत नाही. म्हणून मात्रा आधी लहान पिंपात तपासूनच ठरवावी.